ॲप रोज नवा आकडा दाखवतंय. रविवारच्या वादळाचं काय धरून चालायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका घरी साताऱ्याहून आई-बाबा आलेले आहेत आणि रविवारी रात्री त्यांचं न्यूअर्कहून मुंबईचं विमान आहे. फोनवरच्या ॲपने रविवारसाठी आधी ४ इंच बर्फ दाखवला, काल १८ आणि आज सकाळी ७. त्यात टीव्हीवर ‘पोलर व्होर्टेक्स’ आणि ‘बॉम्ब सायक्लोन’ चालू आहे. यातलं खरं काय, आणि तिकीट आत्ताच पुढे-मागे करावं का?

मी न्यू जर्सीतच हवामान अंदाजाचं काम करते, सरकारी खात्यात नाही, खासगीत. पार्किंग लॉट आणि रस्ते साफ करणारे ठेकेदार आणि एक वीज कंपनी हे माझे मुख्य ग्राहक. ‘बर्फ पडेल का’ एवढ्याने त्यांचं भागत नाही. शनिवारी रात्री किती ड्रायव्हर बोलवायचे, मीठ किती टन मागवायचं, हे त्यांना ठरवायचं असतं. तुम्हालाही अंदाज ऐकायचा नाहीये, निर्णय घ्यायचाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. थंडी किती पडणार हा एक, आणि वादळ किनाऱ्याच्या किती जवळून जाणार हा दुसरा. आज मंगळवार आहे. पहिल्याचं उत्तर आज बऱ्यापैकी माहीत आहे. दुसऱ्याचं आज कोणाकडेच नाही, आणि जो कोणी इंचात सांगतोय तो ठोकून देतोय.

थंडीचं आधी, कारण ते सोपं आहे. कॅनडाच्या उत्तरेकडून सरकणारी थंड हवा हजारो किलोमीटर पसरलेली असते आणि इथे यायच्या आधी कित्येक दिवस कॅनडातल्या हवामान ठाण्यांवर मोजलीही गेलेली असते. अमेरिकेच्या पश्चिमेला वरच्या हवेत उंचवटा आणि पूर्वेला खोलगट भाग, असं चित्र अंदाज काढणारी सगळी संगणकीय मॉडेलं एकमुखाने दाखवू लागली की पाच-सहा दिवस आधीही तापमान थोड्याफार फरकाने बरोबर येतं. आत्ता तसं चित्र आहे. त्यामुळे शनिवारपासून पुढचे तीन-चार दिवस कडाक्याची थंडी हे धरून चाला. त्यासाठी रोज ॲप उघडायची गरज नाही.

पोलर व्होर्टेक्सच्या बातम्या मात्र बाजूला ठेवा. तो ध्रुवाभोवतीचा थंड वाऱ्यांचा भोवरा वर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात असतो आणि दर हिवाळ्यात असतोच. तो विस्कटला की थंडी दक्षिणेकडे उतरण्याची शक्यता वाढते, पण परिणाम दिसायला कधीकधी आठवडे लागतात. २०२१ च्या जानेवारीच्या सुरुवातीला तो मोडला होता. टेक्सासची वीज घालवणारी ती भयंकर थंडी फेब्रुवारीच्या मध्याला आली. रविवारी न्यूअर्कला काय होणार हे त्यातून कळत नाही.

आता वादळ. आपल्याकडची मोठी हिवाळी वादळं, ज्यांना इथे नॉरईस्टर म्हणतात, ती साधारण नॉर्थ कॅरोलिनातल्या केप हॅटरसच्या आसपास समुद्रावर जोर धरतात. तिथून गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी वाहतं आणि शेजारी जमिनीवर गोठलेली हवा असते. तापमानातल्या या तफावतीतून वादळाला बळ मिळतं. पण वादळ किनाऱ्याला धरून वर येणार की बर्म्युडाकडे निघून जाणार, हे त्याच्या वरच्या हवेतल्या दोन लहरींवर ठरतं. एक लहर उत्तरेकडून, कॅनडातून येते. दुसरी दक्षिणेकडून, टेक्सासच्या बाजूने. दोघी वेळेत एकत्र आल्या तर वादळ वळून किनाऱ्याला लागून वर सरकतं. सहा-आठ तासांचा उशीर झाला की ते समुद्रातच निसटतं आणि एडिसनला नुसते ढग दिसतात.

आजच्या घडीला यातली उत्तरेकडची लहर पॅसिफिक महासागरावर आहे. तिथे फुगे सोडून वरच्या हवेची थेट मोजमापं घेणारी ठाणी जवळजवळ नाहीत. उपग्रह आहेत, विमानांची निरीक्षणं आहेत, हिवाळ्यात कधीकधी हरिकेन हंटर विमानंही समुद्रावर जाऊन उपकरणं टाकून येतात. तरी सुरुवातीची छोटी त्रुटी पाच दिवसांत शे-दीडशे किलोमीटरची होते. आणि आपल्या बाबतीत एवढ्यावरच सगळं अडलेलं असतं.

इथले अंदाजकर्ते नकाशावर एका बिंदूकडे डोळे लावून असतात: ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या नँटकेट बेटाच्या दक्षिणेला भर समुद्रात. वादळाचं केंद्र त्याच्या जवळून किंवा किंचित आतून गेलं की न्यूयॉर्क-न्यू जर्सीला दणकून बर्फ. बरंच बाहेरून गेलं तर नँटकेटशेजारच्या केप कॉडला काहीतरी, आपल्याला वारा. अगदी किनाऱ्याला चिकटून आलं तर समुद्रावरची उबदार हवा आत घुसते आणि जर्सी शोअरला बर्फाऐवजी पाऊस किंवा गारांसारखा स्लीट पडतो.

यात एक विचित्र गुंता आहे, आणि या आठवड्यात तोच माझ्या डोक्यात घोळतोय. थंडी जास्त म्हणजे बर्फ जास्त, असं लोक धरतात. पण थंड हवेचा दाब फार जोराचा असेल तर तो वादळाला दक्षिणेलाच दाबून ठेवतो. व्हर्जिनिया-कॅरोलिनात बर्फ पडतो आणि आपण कोरडे गारठतो. उलट थंडीने जरा ढिलाई दिली की वादळाला वर यायला जागा मिळते, आणि फारच दिली तर पाऊस. क्वीबेकवर थंड हवेचा उच्च दाब टिकून राहणं आणि ग्रीनलंडच्या बाजूला वाऱ्यांची वाट अडवणारी हवेची कोंडी असणं, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच थंड हवा जागेवर राहते आणि वादळही रेंगाळतं. आजच्या नकाशांवर क्वीबेकचा उच्च दाब दिसतोय, कोंडी मात्र अर्धवट आहे. म्हणून मी ग्राहकांना ‘निसटण्याची शक्यता अजून चांगलीच आहे’ असं कळवलंय. त्यांना ते आवडत नाही, पण त्याला इलाज नाही.

आता तुमच्या ४, १८ आणि ७ कडे येऊ. बरीच ॲप कुठल्यातरी मॉडेलच्या ताज्या फेरीतून तुमच्या पत्त्याजवळचा आकडा उचलतात. अमेरिकन मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं, म्हणजे चार वेळा आकडा हलू शकतो. आम्ही एकच फेरी बघत नाही. युरोपियन हवामान केंद्र आपलं एकच मॉडेल सुरुवातीच्या स्थितीत बारीक फरक करून ५० वेळा चालवतं आणि वर एक मूळ फेरी, अशा ५१ वाटा मिळतात. त्या स्क्रीनवर एकावर एक टाकल्या की चित्र स्पष्ट होतं. आत्ता त्या दोन जुडग्यांत विभागलेल्या दिसतात: एक केप कॉडला घासून जाणारं, दुसरं पार समुद्रात. तुमचं ॲप या जुडग्यातून त्या जुडग्यात उड्या मारतंय, एवढंच.

यातून एक गोष्ट निघते जी लोकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या तीन आकड्यांची सरासरी जवळपास १० येते आणि माणूस मनात तेच धरतो. पण वाटा अशा दोन जुडग्यांत असतील तेव्हा मधला आकडा बऱ्याचदा सगळ्यात कमी संभवाचा असतो. एकतर दीड फूट, नाहीतर इंचभर. म्हणून ‘दहा इंचांची तयारी’ असं काही नसतंच. दोन वेगवेगळ्या रविवारांची तयारी करावी लागते.

बर्फाची कड किती धारदार असू शकते हे आपल्या लोकांना समजावायला मी नेहमी २६ जुलै २००५ ची आठवण देते. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहरात. इथे जानेवारी २०१५ मध्ये, २६-२७ तारखेला, साधारण तसंच झालं. न्यूयॉर्क शहराला दोन फूट किंवा जास्त असा इशारा होता, भुयारी रेल्वेसुद्धा बंद ठेवली. सेंट्रल पार्कला १० इंचही भरले नाहीत, फिलाडेल्फियाला तर इंच-दीड इंच. आणि लाँग आयलंडच्या पूर्वेला आणि बॉस्टनला दोन फुटांच्या वर पडलं! वादळ आलं होतंच, फक्त थोडं पूर्वेला सरकून. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या, म्हणजे सरकारी हवामान खात्याच्या, माउंट हॉली कार्यालयाच्या प्रमुखांनी तेव्हा जाहीर माफी मागितली होती. मजा म्हणजे ‘युरोपियन मॉडेल म्हणजे शेवटचा शब्द’ असं मानणाऱ्यांचीच त्या वेळी जास्त पंचाईत झाली. अमेरिकन मॉडेल न्यूयॉर्कसाठी कमी बर्फ सांगत होतं.

पुढच्याच वर्षी, २२ ते २४ जानेवारी २०१६ ला, उलटा अनुभव आला. ते वादळ वॉशिंग्टनसाठी बरेच दिवस आधीपासून दिसत होतं. न्यूयॉर्क मात्र उत्तरेच्या कडेवर, त्यामुळे तिथला आकडा अगदी शेवटी वाढवावा लागला आणि सेंट्रल पार्कला २७.५ इंच पडले, तिथला विक्रम. म्हणजे वादळ चांगलं पकडलं तरी कड पकडता येतेच असं नाही, आणि चूक दोन्ही बाजूंना होते. अलीकडे यंत्रशिक्षणावर चालणारी मॉडेलंही आलीत. युरोपियन केंद्राचं तसलं मॉडेल फेब्रुवारी २०२५ पासून नियमित चालतं. वादळाचा मार्ग सांगण्यात ती चांगली आहेत. कडेचा प्रश्न त्यांनीही सोडवलेला नाही.

‘बॉम्ब सायक्लोन’चंही सांगून टाकते. केंद्रातला दाब २४ तासांत साधारण २४ मिलिबारने उतरला की तो शब्द वापरतात. आपल्या अक्षांशावर त्याहून थोडं कमी उतरलं तरी चालतं. पण समुद्रात ३०० मैलांवर असा बॉम्ब झाला तर तुमच्या अंगणात कण पडणार नाही. तसंच ब्लिझर्ड वॉर्निंगचं. ताशी ३५ मैलांचा वारा किंवा वारंवार तसे झोत, पाव मैलाच्या आत आलेली दृश्यता, आणि हे सलग तीन तास, असा तो निकष आहे. किती इंच, याचा त्यात उल्लेखच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट: तेवढ्याच पाण्याचा बर्फ किती होतो हे थंडीवर अवलंबून असतं. सर्वसाधारण हिशेब एक इंच पाण्याला दहा इंच बर्फ असा. कडक थंडीत तोच भुसभुशीत होऊन १५ इंच किंवा जास्तही भरतो. काही ॲप सरसकट दहाचाच हिशेब लावतात, म्हणून थंडीच्या वादळात त्यांचा आकडा कमी येतो. त्यातला त्यात दिलासा असा की भुसभुशीत बर्फ शवल करायला हलका आणि तारांवर कमी चिकटणारा. माझी वीज कंपनी दोन इंच ओल्या बर्फाला जेवढी घाबरते तेवढी दहा इंच कोरड्याला घाबरत नाही.

मग कधी, काय बघायचं? उद्या बुधवारी काहीच बघू नका, खरंच. आपल्या भागातले फुगे सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ ला सोडले जातात, त्यावर चालणारी मोठी मॉडेलं दुपारी एक-दीडपर्यंत आणि मध्यरात्रीनंतर पूर्ण होतात. गुरुवारी ती उत्तरेकडची लहर पश्चिम किनाऱ्यावर येईल, जमिनीवरच्या ठाण्यांच्या जाळ्यात सापडेल. त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये बहुधा दोनातलं एक जुडगं विरळ होऊ लागतं. त्यामुळे गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास बघणं हे दर तासाला बघण्यापेक्षा जास्त कामाचं. शुक्रवारी वेदर सर्व्हिसचा वॉच, म्हणजे वादळाची आगाऊ सूचना, लागतो का ते बघा. त्यांच्या पानावर बर्फाचे तीन नकाशे असतात, अपेक्षित, खालची बाजू आणि वरची बाजू. मी आधी वरचा आणि खालचा उघडते. दोघांत १ आणि १६ असा फरक असेल तर मधल्याकडे बघूच नका. ४ आणि ९ असेल तर मधल्यावर विसंबायला हरकत नाही.

तुमच्यासाठी एक खास गंमत. एडिसन मिडलसेक्स काउंटीत, म्हणजे माउंट हॉली कार्यालयाच्या हद्दीत. न्यूअर्क विमानतळाचा अंदाज न्यूयॉर्कचं अप्टन कार्यालय देतं. दोन्ही कार्यालयं आपसात बोलतात, पण काउंटीच्या रेषेवर आकडा कधीकधी तुटलेला दिसतो. विमानासाठी न्यूअर्कचा अंदाज बघा, घरासाठी एडिसनचा. आणि दोन्हीकडचं ‘फोरकास्ट डिस्कशन’ वाचा. भाषा जरा रुक्ष असते, पण अंदाजकर्त्याला कशाची खात्री नाही ते तो तिथे सरळ लिहितो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जांभळ्या नकाशांखाली ते लिहिलेलं नसतं.

तिकीट. इथे मात्र बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे. विमान कंपन्या मोठ्या वादळाच्या साधारण एक ते तीन दिवस आधी शुल्क न घेता तारीख बदलायची सवलत जाहीर करतात. ती लागली की त्याच तासात बदला, कारण मुंबईच्या जागा लवकर संपतात आणि आई-बाबांना शेजारी-शेजारी जागा हव्या असतात. तिकीट आत्ताच फुकट बदलता येत असेल तर मी गुरुवारी रात्रीचं चित्र बघून, शंका उरली असेल तर शनिवारवर आणेन. पुढे ढकलण्यापेक्षा अलीकडे आणणं बरं. शनिवार थंड पण कोरडा असणार, याची खात्री रविवारपेक्षा कितीतरी जास्त आहे. शिवाय वादळानंतरचे एक-दोन दिवस नुसती गर्दी उपसण्यात जातात. मुंबईहून येणारं विमानच आलं नसेल तर सोमवारी लख्ख ऊन असूनही तुमचं उड्डाण रद्द होऊ शकतं.

बदलायला पैसे पडत असतील तर सवलतीची वाट बघा. पण त्याआधी दोन गोष्टी तपासा. आई-बाबांच्या आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या नोंदीवरची, मुदत कधी संपते? ती पुढच्या आठवड्यात असेल तर अडकून पडणं परवडणार नाही, मग थोडे पैसे गेले तरी अलीकडे आणा. आणि औषधं. भारतातून मोजून आणलेली बीपी-शुगरची औषधं परतीच्या तारखेला संपत आलेली असतात. आठवड्याभराचा साठा नसेल तर फार्मसीची सोय शुक्रवारीच करून ठेवा, रविवारी बर्फात नको. व्हीलचेअर सांगितलेली असेल तर नवीन तारखेला ती पुन्हा सांगावी लागते का, तेही विचारा.

वादळ निसटलं तरी थंडी येणारच आहे, त्यामुळे ही तयारी वाया जाणार नाही. ५ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे १५ सेल्सिअस, आणि ताशी २० मैल वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २६ सेल्सिअससारखं लागतं. याहून थोडी जास्त थंडी-वारा झाला की अर्ध्या तासात कानाची पाळी किंवा बोटं गोठू शकतात. बाबांची सकाळची फेरी या दिवसांत मॉलमध्ये होऊ द्या. बाहेरच्या भिंतीला लागून सिंक असेल तर पाइप गोठू नयेत म्हणून रात्री खालचं कपाट उघडं ठेवा आणि नळ बारीक चालू ठेवा. साधं मीठ १५ फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही, पायऱ्यांसाठी कॅल्शियम क्लोराइडची पिशवी आणा. आमचे ठेकेदारही त्या थंडीत तेच वापरतात. बर्फ पडून आकाश स्वच्छ झालं आणि वारा पडला, तर सोमवार-मंगळवारच्या रात्री पारा ॲपच्या आकड्याच्याही खाली जाईल, कारण ताज्या बर्फावर जमीन फार पटकन थंड होते.

आणि टाउनहाऊसमध्ये राहत असाल तर घर गरम करणाऱ्या भट्टीचे (फर्नेसचे) दोन पांढरे पाइप बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून जेमतेम दीड-दोन फुटांवर बाहेर आलेले असतात. ते आजच शोधून ठेवा. वाऱ्याने बर्फाचा ढीग त्यांच्यावर चढला तर भट्टी बंद पडते, किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात साचू शकतो. दर काही तासांनी तिथला बर्फ बाजूला करा, अलार्मची बॅटरी तपासा. गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्या मागच्या धुराच्या नळीभोवतीही फावडं फिरवा. आणि कितीही गारठलं तरी गॅसचा ओव्हन लावून खोली गरम करायची नाही, हे आईंना आवर्जून सांगा.

तिकीट कोणत्या प्रकारचं आहे, थेट विमान आहे की मध्ये बदलायचंय, आय-९४ ची तारीख आणि औषधं किती दिवसांची उरलीत, एवढं कळवा. गुरुवारी रात्री मी त्या वेळचे नकाशे बघून इथेच लिहीन.